कॅसेटमधली तीन नावं

लालबाग
१२ जानेवारी २०२५

चि. रुचा हिला,

नावाआधी सौ. लिहावं की नाही हे ठरेना, म्हणून नुसतं चि. लिहिलं. पाकिटावर तुझ्या बाबांचा पत्ता घातलाय. गिरगावातल्या तुमच्या वाडीत पोस्टमन अजून वर चढतो की खालच्या पेटीत टाकून जातो, मला माहीत नाही.

पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस. पत्र ठेवायचंच झालं तर निदान वाचून झाल्यावर ठेवशील.

पहिलं हे सांगते, की दिवाळीत बोलले त्यातलं काही मी मागे घेत नाही. तू लग्न करतेस याचं मला वाईट वाटलेलं नाही. यतीनला जाऊन तीन वर्षं होतील, तू काय जन्मभर फोटोला हार घालत बसायचं? सिद्धार्थ चांगला आहे. जुईशी बोलताना खाली वाकून बोलतो, ते मी पाहिलंय. डब्लिनला त्याची नोकरी आहे तर डब्लिनला जा. पण मग तू म्हणालीस, जुईचंही आडनाव बदलणार, पासपोर्टवर आता जुई सिद्धार्थ विजयकर. वर म्हणालीस, "आई, घाडीगावकर तिकडे कुणाला म्हणता तरी येणार आहे का?" तेव्हा तुझा फराळाचा डबा मी तुझ्याच पिशवीत परत घातला आणि म्हटलं, "तापाने माझा मुलगा एकदा गेला. आता तू त्याचं नाव पुसून त्याला दुसऱ्यांदा घालवतेस." तू जिना उतरून गेलीस. तेव्हापासून मी जुईचा आवाज ऐकलेला नाही.

आता कामाचं. संक्रांतीसाठी गुळाचं मोठं पातेलं काढायला माळ्यावर चढले. शेजारची यशोदा खाली स्टूल धरून उभी होती आणि मी पडले तर काय काय होईल याची यादी वाचत होती. पातेल्याच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, आणि डब्यात यतीनचा गेम. तोच, त्याच्या मामाने कुवेतहून आणलेला, हातात मावणारा, राखाडी. लग्नाआधी तू यायचीस तेव्हा तुम्ही दोघं गॅलरीत बसून आळीपाळीने खेळायचात आणि मी चहा निवतोय म्हणून आतून ओरडायचे.

स्क्रीन मेलेला. बॉडी पिवळी पडलेली, एका कोपऱ्याला चीर. पाठीमागे खेळाची कॅसेट अडकून बसलेली. पण त्याच डब्यात न फोडलेली नवी पाकिटं होती. रंगीत स्क्रीन, वरची काच, चार्ज होणारी बॅटरी आणि जांभळी बटणं. जांभळा रंग आपल्या घरात एकाच माणसाला आवडतो. म्हणजे जुन्या बॉडीत नवा गेम जुळवून तो जुईला देणार होता आणि ते राहून गेलं.

ते मी जुळवणार आहे. हसू नकोस. अंधेरीच्या कारखान्यात मी टीव्हीचे बोर्ड जोडून यतीनला शिकवला. त्याच्या बाबांची गिरणी बंद पडल्यावर या घरात जे शिजलं ते माझ्या सोल्डरिंग आयर्नवर शिजलं. मी लावलेला जॉइंट कधी सुटून परत आला नाही.

तुम्ही निघायच्या आधी जुईने इथे यावं आणि तिच्या बाबाची वस्तू माझ्या हातून घ्यावी, एवढंच मला हवंय. विमानात बसल्यावर काय ती परत येणार आणि आलीच तर मी काय असणार? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मालन आनंदा घाडीगावकर
(म्हणता येत नसेल तर नुसतं मालन)


लालबाग
२ फेब्रुवारी

चि. रुचा,

उत्तर आलं नाही. चालेल असं मीच लिहिलं होतं, त्यामुळे रागवायची सोय राहिली नाही.

लॅमिंग्टन रोडला दोनदा जाऊन आले. तिथे जिन्याखाली टीचभर दुकानात मनमोहन म्हणून एक बसतो, जुन्या गेमचं सामान विकतो. मी बॉडी पुढे ठेवली तर म्हणाला, "काकी, नातवाने पाठवलं काय? त्याला सांगा नवीन घे, ह्याच्यात काय नाय ऱ्हायलं." मी म्हटलं, "नातू नाही, नात आहे, आणि तिने पाठवलं नाही, मीच करतेय. मला ह्या मापाचा स्पीकर दे आणि केसासारखी बारीक वायर दे." मग तो खुर्ची पुढे सरकवून मापाचं बोलायला लागला. माणूस वाईट नाही, बोलतो मात्र फार.

तिथून तुमची वाडी किती जवळ. दोन्ही वेळा चालत वाडीच्या तोंडापर्यंत आले. दुसऱ्या वेळी जुई दिसली, बॅडमिंटनची रॅकेट घेऊन, कुणाशी तरी हुज्जत घालत होती. उंच झालीय. हात कमरेवर ठेवून भांडते ते थेट यतीनसारखं. मी हाक मारली नाही. तिने आपण होऊन मला ओळखून धावत यावं आणि तुला कळूही नये, असं मला वाटत होतं. दोन्ही एकदम कसं होणार, म्हणून बस पकडून परत आले.

बॉडी उघडली तर आत धूळ आणि एक झुरळ, कधीचं वाळून गेलेलं. नवा स्क्रीन जुन्यापेक्षा मोठा आहे, म्हणून बॉडी आतल्या बाजूने तासावी लागली. घरात कानस कुठली असायला, नखं घासायच्या कानशीने तासली. चार्जिंगची पिन जायला बुडाशी भोक पाडलं. एक डोळा मोतीबिंदू काढल्यापासून ठीक आहे, दुसऱ्याला भिंग लावते. हात अजून थरथरत नाही, ही देवाची कृपा.

आज सकाळी सगळं टेबलावर उघडंच मांडलं आणि बॅटरी जोडली. स्क्रीन लागला. ती टुणटुण वाजली आणि मी एकदम मागे वळून गॅलरीकडे बघितलं. कुणी नव्हतं, यशोदा कपडे वाळत घालत होती.

फळीवर चेंडू उडवून विटा फोडायचा तोच खेळ. सुरू व्हायच्या आधी जास्तीत जास्त मार्कांची यादी येते, आठवतंय तुला? तीन ओळी असतात, प्रत्येक नावाला पाच घरं, एका घरात एक इंग्रजी अक्षर. पहिल्या ओळीत तू आहेस, रुचा. दुसऱ्या ओळीत यतीन. तिसऱ्यातही यतीन.

वरती तू आहेस गो. म्हणून त्या दिवशी त्याने गेम जमिनीवर आपटला होता आणि ती चीर पडली. मला म्हणाला होता, हातातून निसटला. इतकी वर्षं माझा त्यावर विश्वास होता.

तुमचे तिन्ही आकडे कॅलेंडरच्या कोपऱ्यात उतरवून घेतले. तोवर गॅसवरचा दुधी भोपळा करपला. खिडकीत पातेलं घासताना मला हसू येत होतं, आणि मग हसू राहिलं नाही.

मालन


लालबाग
१० फेब्रुवारी

चि. रुचा,

तुझा मेसेज मिळाला. यशोदाला मोठ्याने वाचून दाखवला आणि ती गेल्यावर परत वाचला.

"आई, खरंच आहेत का ती नावं? मला वाटलं होतं कधीच गेली असतील. प्लीज जपा, पुसू देऊ नका. सात एप्रिलला आमचं रजिस्टर लग्न आहे, मग लगेच निघायचं. त्याआधी पाडव्याला जुईला घेऊन येते. तिला बाबाचं नाव बघायचंय."

ये. पुरणपोळी करते. तुला आवडत नाही, तुझ्यासाठी श्रीखंड आणते. सिद्धार्थ येणार असेल तर त्यालाही आण, त्याला काय आवडतं ते कळव.

नावांची काळजी करू नकोस. मी मनमोहनला विचारून आले, की इतकी वर्षं डब्यात पडून ती राहिली कशी? त्याने दुसरी एक कॅसेट उघडून दाखवली. आत घड्याळातल्यासारखा चपटा सेल असतो, बोर्डाच्या पाटीला चिकटवलेला. गेम बंद असला तरी तो सेल आतली यादी जागी ठेवतो. सेल संपला की यादी गेली. मनमोहन म्हणाला, "काकी, तुमचा सेल तीस वर्षांचा झाला, बोनसवर चाललाय. आज आहे, उद्या नाय." मग मी तसला एक नवा सेल घेतला. आजच बदलून टाकते, म्हणजे पाडव्यापर्यंतच काय, जुईची मुलं होईपर्यंत बघायला नको.

मनमोहन म्हणे, गेम चालू ठेवूनच सेल बदला. चालू बोर्डाला आयर्न? कारखान्यात पहिल्याच दिवशी आमच्या लाइनवरच्या बाईंनी शिकवलं होतं, आधी बोर्डातला जीव, म्हणजे करंट, काढायचा, मग लोखंड लावायचं. एका मुलीने घाईत ऐकलं नाही तर बोर्डही जळला आणि तिची बोटंही. वीस वर्षं मी आधी जीव काढलाय. तो पुढे आणखी काही सांगत होता, मी म्हटलं, "बाळा, तू विकत जा, जोडायचं माझ्याकडे ठेव."

जुईच्या हाताचं माप हवंय. कागदावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवायला सांग आणि फोटो पाठव. बटणं किती उंच ठेवायची ते त्यावरून बघते.

मालन


लालबाग
२५ फेब्रुवारी

चि. रुचा,

पंजाचा फोटो मिळाला. करंगळी वाकडी आहे, आमच्याकडची.

काम चांगलं चाललंय. बॉडीचा पिवळेपणा काढायला पार्लरमध्ये केसांना लावतात ते पांढरं क्रीम आणलं. बॉडीला फासलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि गॅलरीत उन्हात ठेवलं. येणारा जाणारा विचारतो, काय पापड का? यशोदाने सांगून टाकलं की मालन म्हातारपणी केस रंगवणार आहे. दोन उन्हं दिल्यावर राखाडी रंग परत आला. खालच्या गणपतीच्या कारखान्यातला मुलगा म्हणाला, मोतिया रंग मारून देतो, चीर पण लांबी भरून गायब करतो. मी नको म्हटलं. चीर आतून चिकटवली, वरून दिसते तशी ठेवली. तिच्यावर बोट फिरवलं तर लागते.

जांभळी बटणं बसवली. छान दिसतात.

तू विचारलंस, नावं नीट आहेत ना. नावं कुठे जाताहेत?

एक सहज विचारते. तू एवढे मार्क कसे मिळवलेस? चेंडू जोरात यायला लागला की माझी फळी पोचतच नाही. काही युक्ती होती की नुसता सराव? यतीन किती वेळ खेळायचा? आपलं सहज. जुईने विचारलं तर सांगायला हवं.

आणि पाडव्याला तुम्हाला घाईच होणार असेल तर नंतर आलात तरी चालेल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या. तेवढंच मलाही सवडीने करता येईल.

मालन


लालबाग
१७ मार्च

चि. रुचा,

हे पत्र लिहायला घेऊन तीन वेळा फाडलं. यावेळी फाडणार नाही.

नावं गेली. माझ्या हातून गेली.

दहा फेब्रुवारीलाच, तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकून आले आणि टेबल आवरून बसले. कॅसेट उघडली. हात शिकलेला, डोक्याला विचारतही नाही. गेम बंद केला, कॅसेट बाहेर काढली आणि आयर्न तापल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल तर जुना सेल काढून बाजूला ठेवला. आधी जीव काढला. मग निवांतपणे पाटी साफ केली, नवा सेल बसवला. जॉइंट इतका चकचकीत आला की यशोदाला बोलावून दाखवला. मग गेम लावला. तीन ओळी आल्या, आणि तिन्ही ओळींत नुसत्या आडव्या रेघा.

मी बंद करून परत लावला. कॅसेट काढून फुंकून परत लावली, तुम्ही फुंकायचात तशी. मग लॅमिंग्टन रोड गाठला. मनमोहनने कॅसेट उघडून नवा सेल बघितला. मग म्हणाला, "काकी, तेच सांगत होतो. गेम चालू असला की सेल काढला तरी आतल्याला बाहेरून करंट मिळतो." मी त्याला म्हटलं, "परत आणता येतील?" तो म्हणाला, "नाय."

माहीत नसलेल्या माणसाने चालू ठेवूनच बदलला असता. मला येत होतं म्हणून गेलं.

तुला लगेच कळवायला हवं होतं. पण तू त्या नावांसाठी येणार होतीस, माझ्यासाठी नव्हतीस. नावं नसतील तर जुई येणार नाही, हे मी धरून चालले. म्हणून खोटं लिहिलं, आणि खेळायला बसले. तुमचे आकडे मी कॅलेंडरच्या कोपऱ्यात उतरवून ठेवले होते. म्हटलं, सराव करून तेवढे मार्क काढू, नावं परत घालू, कुणाला काय कळतंय. स्वयंपाक झाला की खेळायला बसायचे. अंगठे सुजले. यशोदाला वाटलं मला वेड लागलं. एकदा म्हणाली, "मालन, अगो जेव तरी. तुझो झील काय तेच्यात बसलोहा?" मुलाचं नाव काढलं म्हणून मी तिच्यावर ओरडले.

तुझ्या आकड्याच्या जवळपासही मी पोचले नाही. यतीनच्या खालच्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतही नाही.

परवा शेवटी मी हरले. जेमतेम चार रांगा फुटल्या होत्या. यादी रिकामी असल्यामुळे एवढ्यालाही नाव विचारलं. मी एकेक अक्षर फिरवून यतीन लिहिलं. पाचही घरं भरली आणि नाव पहिल्या ओळीत येऊन बसलं.

मला वाटलं होतं की बरं वाटेल. मी त्या नावाकडे बघत बसले आणि मला लाज वाटली. त्याच्या नावापुढे माझे मार्क. एवढे कमी मार्क त्याने कधी आयुष्यात काढले नसतील. जुईला मी हे दाखवणार होते, बघ तुझा बाबा. ती पोरगी पहिल्याच खेळात त्याच्या पुढे गेली असती आणि म्हणाली असती, बाबाला काही येत नव्हतं.

मग मी परत आयर्न तापवलं आणि सेल काढला. यावेळी हाताच्या सवयीने नाही, ठरवून. त्याचं नाव माझ्या हाताने पुसलं आणि सेल परत बसवला.

दिवाळीत मी तुला जे बोलले ते आठवलं. तुला म्हटलं, तू त्याला दुसऱ्यांदा घालवतेस. मी तर दोनदा पुसलं, आणि दुसऱ्यांदा पुसताना मला कळलं की खोटं नाव लिहून तो घरात राहत नाही. तू जुईचं आडनाव बदलतेस तेव्हा तुझ्या मनात काय असेल हे मी कधी विचारलंच नाही. मला अजून ते आवडलेलं नाही, रुचा. खोटं कशाला सांगू. पण तुझ्यावर ओरडायचा तो आवाज आता माझ्याकडे राहिलेला नाही.

गेम तयार आहे. आवाज येतो, स्क्रीन लागतो, बटणं तिच्या हाताला बसतील. आत नाव नाही. यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर मनमोहनच्या माणसाबरोबर तुमच्या वाडीत पाठवून देईन. जुईला सांगताना आजीने पुसलं असंच सांग. आपोआप गेलं असं सांगू नकोस.

मालन


लालबाग
१ एप्रिल

चि. सौ. कां. रुचा हिला,

पाडव्याला तू वर आली नाहीस. खाली टॅक्सी थांबली, मी गॅलरीतून बघितलं. तुझा हात दिसला, दार उघडणारा. मग एकटी जुई उतरली आणि टॅक्सीचं दार परत लागलं. पुढच्या सीटवरून सिद्धार्थने वर बघून नमस्कार केला. मीही केला.

तुला राग आहे. असू दे, तो खराच आहे. पण पोरीला तू वर पाठवलंस. वर काय झालं ते तिने तुला सांगितलं असेल, ती सगळं सांगेल असं मात्र नाही, म्हणून मी सांगते.

आली ती आधी गुढीकडे बघून म्हणाली, "आजी, तुझी गुढी वाकडी आहे." ती जिना चढत असताना मी काय बोलायचं ते जुळवत होते आणि ही गुढीचं बोलली. पुरणपोळी अर्धी खाल्ली, अर्धी बशीखाली लपवली. नंतर सापडली.

मग मी गेम तिच्या हातात दिला. तिने चिरेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे काय. मी सांगितलं की तुझ्या आईने तुझ्या बाबाला हरवलं म्हणून बाबाने आपटला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने गेम लावला, तीन ओळी बघितल्या. मला वाटलं आता विचारेल. ती म्हणाली, "आईने सांगितलं मला. तू सेल काढलास."

मी म्हटलं, "हो."

"मुद्दाम?"

"एकदा चुकून, एकदा मुद्दाम."

मुद्दाम का, हे तिने विचारलं नाही. ती भिंतीला टेकून बसली, यतीन बसायचा तशी नाही, तू बसायचीस तशी, एक पाय पोटाशी घेऊन. आणि खेळायला लागली. खालून दोनदा हॉर्न वाजला, तिने मान वर केली नाही. मी गॅलरीतून हाताने सांगितलं, थांबा.

माझ्यापेक्षा चांगली खेळली. माझ्यापेक्षा कुणीही चांगलं खेळेल. तिला नाव विचारलं तेव्हा तिने जुई लिहिलं, शेवटी दोनदा इंग्रजी ई घालून चार घरं भरली, एक रिकामं राहिलं. ती त्या रिकाम्या घरावर थांबली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "आजी, आडनाव कुठलं लिहू?"

रुचा, तो प्रश्न ती मला विचारत होती. तिच्या शाळेत, तुझ्या घरात, कुठे कुठे तिने तो गिळला असेल कोण जाणे, आणि इथे येऊन मला विचारला, कारण भांडण माझं होतं. दहा वर्षांची पोर माझ्या तोंडाकडे बघायला घाबरली.

मी म्हटलं, "ह्याच्यात आडनावाला जागा नाही गो. पाचच घरं आहेत. घाडीगावकर पण मावत नाही आणि विजयकर पण मावत नाही. तुझ्या बाबाचंही आत नुसतं यतीन होतं."

"नुसतं?"

"नुसतं."

तिने बटण दाबलं आणि नाव बसलं. मग गेम माझ्या हातात दिला, म्हणाली, आता तू. मी खेळले, तिने मला फळी कुठे ठेवायची ते शिकवलं, तरी हरले. दुसऱ्या ओळीत तिने मालन लिहिलं. तिसऱ्या ओळीसाठी परत खेळायला लागली आणि मधेच बंद केला. म्हणाली, "ही आईसाठी ठेवते. तिला टॅक्सीत देते."

जिन्यापर्यंत पोचवायला गेले. दोन पायऱ्या उतरून ती परत वर आली आणि माझ्या पोटाला बिलगली. मग हॉर्न वाजला.

तर तिसरी ओळ रिकामी आहे. विमानात वेळ असेल तेव्हा खेळ. तुला तेवढे मार्क खरोखर काढता येतात, मला येत नाहीत. नाव विचारेल तेव्हा तुझं लिही, किंवा त्याचं लिही. तू लिहिलंस तर ते खोटं होणार नाही.

सात तारखेला सुखाने लग्न कर. माझा आशीर्वाद आहे, आणि तो सिद्धार्थलाही सांग.

एक शेवटचं, कामाचं. आतला सेल मी नवा घातलाय, पण तोही कधी तरी संपेल. तोवर जुई मोठी झालेली असेल आणि मी सांगायला नसेन, म्हणून तुला लिहून ठेवते. बदलायची वेळ आली की आधी जीव काढायचा नाही. गेम चालू ठेवायचा आणि चालू ठेवूनच बदलायचा.

तुझी,
आई